काळ्या आणि चांद्या

"दात किती ह्याला?" आण्णांनी फोन हातात घेऊन विचारलं.

विलास तुपे हसला नाही. तालुक्याच्या स्टँडसमोर त्याचं मोबाईलचं दुकान. त्याच्या वडिलांना आण्णांनी तीन बैलजोड्या पारखून दिलेल्या, त्यामुळे आमच्या आण्णांसमोर हसायची त्याची छाती नव्हती. त्यानं आधी आण्णांना स्टूल दिलं आणि मग म्हणाला, "आण्णा, ह्याला दात नसतात. ह्याला बॅटरी असते."

"म्हंजे दम."

"हां, दमच म्हणा. दोन दिवस चार्जिंग लावायला नको. तसा दम आहे."

"आन् ह्यो दुसरा?"

"त्याला दम कमी. पण रेंज धरायला वस्ताद. जिथं बाकीच्यांना एक काडी येत नाही तिथं हा दोन काड्या दाखवतो."

आण्णांनी दोन्ही फोन दोन हातांत घेतले, तोलले, उलटे केले, बोटानं कडा चाचपल्या. पहिला काळाकुट्ट, जाडजूड. दुसरा बारीक अंगाचा, आणि पाठीवर कॅमेऱ्याभोवती पांढरं गोल कडं.

"ह्याच्या कपाळावर चांद हाय," आण्णा म्हणाले.

"ती पाठ आहे आण्णा," मी म्हणाले.

"तू गप. ह्यो चांद्या, आन् ह्यो काळ्या."

झालं, बारसंच झालं. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "आता शेपटी धरून बगू नगा म्हणावं."

मला मात्र हसू येत नव्हतं. बुधवार होता. सोमवारी सकाळी मला गोंदियाला हजर व्हायचं होतं, म्हणजे शनिवारी दुपारी कराडला गाडी धरायची होती. आणि धरायची की नाही, ते ह्या दोन फोनांवर ठरणार होतं.

त्याचं झालं असं. मी वैजयंता येसू शेलार, आयटीआय इलेक्ट्रिशियन, वर्गात एकटी मुलगी. वीज कंपनीची परीक्षा दिली, पास झाले, खांबावर चढायची चाचणीही पास झाले आणि नेमणुकीचा कागद आला तो थेट गोंदियाचा. महाराष्ट्राच्या ह्या टोकाला आमचं सुतारदरा आणि त्या टोकाला गोंदिया. मधे रेल्वेचे सव्वीस-सत्तावीस तास. सात दिवसांत हजर न झाल्यास नेमणूक रद्द, असं कागदावर ठळक लिहिलेलं.

आण्णांनी तो कागद दोनदा वाचून घेतला. नको म्हणाले नाहीत. नको म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते अट घालायचे. पडवीत बापूकाका बसले होते, शेजारचे आणखी चार जण होते. त्यांच्यासमोर आण्णा म्हणाले, "माझी ना न्हाई. पर पोरगी तिकडं खांबावर चढणार, तवा रोज तिचा आवाज कानावर पडला पायजे. माझ्या पडवीत बसून बोलता आलं पायजे, आन् सकाळी भरलेला फोन दुसऱ्या सकाळपतोर जिता ऱ्हायला पायजे. असा फोन गावला तर खुशाल जा. न्हाई गावला तर कागूद चुलीत."

बापूकाका म्हणाले, "येसू, आरं आपल्या गावात कुठली रेंज?"

"म्हनूनच म्हनतोय," आण्णा म्हणाले.

आता आमच्या गावात टॉवर आहे, पोरंसोरं गोठ्यातसुद्धा फोनवर पिक्चर बघतात. पण तेव्हा सुतारदरा म्हणजे चहूबाजूंनी डोंगर आणि मधे आम्ही. फोन नीट लागायचा तो एकाच ठिकाणी. फाट्याच्या वर जो माळ आहे, त्याच्या टोकाला एक भलाथोरला दगड आहे, त्यावर. फोनचा दगड. ज्याचा पोरगा मुंबईला, ज्याची लेक पुण्याला, तो रोज संध्याकाळी अर्धा तास चढून त्या दगडावर जायचा आणि मोठमोठ्यानं बोलून यायचा. आण्णांना त्याचा भारी तिटकारा. "माकडं चढली बगा दगडावर," म्हणायचे. त्यांचा उजवा गुडघा एका मारक्या खोंडानं लाथ घालून कायमचा अधू केलेला. पण चढायचं नाही ते गुडघ्यामुळे, हे कबूल करतील तर ते आण्णा कसले.

आणि अट म्हणजे अट. बैलाचं वय दातांवरून कळतं, आणि त्यात बैलबाजारात आण्णांचा शब्द चालायचा. येसूआण्णा 'चारदाती' म्हणाले की माणूस जनावराचं तोंड न उघडता घेऊन जायचा. एकदा एका दलालानं जुन्या बैलाला सहादाती म्हणायची गळ घातली, तर आण्णांनी भरबाजारात त्या बैलाचं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं होतं. असा माणूस चारचौघांत जे बोलला ते बोलला. 

"कुठला देऊ आण्णा?" विलासनं विचारलं.

"दोन्ही दे. तीन दिवस दावणीला बांधल्याबिगर मी खोंड पसंत करत न्हाई."

"आण्णा, फोन असा ट्रायलला देत नाहीत."

आण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "तुझ्या बापाला ती खिलारी जोडी घेताना म्या किती दिवस ठेवाय लावली हुती?"

"चार."

"मग?"

विलासनं मुकाट्यानं दोन्हीत सिमं घातली आणि फोन फडक्यात गुंडाळून दिले. एसटीत आण्णा दोन्ही खिशांवर दोन हात ठेवून बसले होते.

गुरुवारी सकाळी दोन्ही फोन भरून झाले आणि आण्णांनी कामाला सुरुवात केली. चांद्याला हातात धरून, कंदील धरावा तसा, ते पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत फिरले. आई जोत्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"अवो, जरा पाणी दाखवा त्याला, तहानला आसंल."

"तू तांदूळ बग."

तिसऱ्या खांबापाशी, हात पार वाशापर्यंत उंच केला की एक काडी यायची. यायची, बसायची, निघून जायची. काळ्या हातात देऊन मला दगडावर पिटाळलं. मी वरून लावला, घंटी वाजली, "ह्यॅलो... ह्यॅ..." एवढं आलं आणि तुटला. पुन्हा लावला, लागलाच नाही. तरी मी आनंदानं उड्या मारत खाली आले. काहीतरी लागलं तर होतं!

पण दुपारी एकच्या सुमाराला चांद्यानं डोळे मिटले.

"बसला," आण्णा म्हणाले. "औताला लावून दुपार झाली न्हाई, तर बसला. असला बैल म्या कुनाला घ्याया सांगंन का?"

"आण्णा, तो रेंज शोधत राहतो ना, त्यात बॅटरी खातो. शिकवलंय आम्हाला."

"मंग दुसऱ्यानं न शोधता ऱ्हायाचं, असं हाय व्हय?"

दुसरा, म्हणजे काळ्या, खरोखरच शोधत नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याच्यातली बॅटरी जेमतेम कमी झाली, पण पडवीत, अंगणात, माडीवर, परसात, कुठं म्हणून त्याला अर्धी काडी आली नाही. आईनं त्याला हातात घेऊन वजन बघितलं. "चिंचा फोडाया झ्याक हाय," ती म्हणाली.

"एक बोलका, त्याला दम न्हाई. एक दमाचा, त्यो मुका," आण्णांनी निकाल दिला. "पोरी, दोन्ही एका जागी आसत न्हाईत बग."

ते हे जरा समाधानानं म्हणाले असं मला वाटलं आणि माझं डोकंच फिरलं. "आण्णा, तुम्हाला मला पाठवायचंच नाही तर सरळ सांगा ना! उगाच फोनच्या माथी कशाला मारताय? सगळं गाव दगडावर जाऊन बोलतं. तुम्हीच काय ते राजे?"

"म्या माकड हाय का?" आण्णा म्हणाले.

"मग बसा तुम्ही पडवीत माणूस होऊन!"

असं मी आण्णांशी कधी बोलले नव्हते. आई हातातला तांदूळ तसाच धरून बघत राहिली. आण्णा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मी उपाशीच झोपले. झोपले कसली, कागद उशाखाली घेऊन पडले.

शुक्रवारी मला डॉक्टरचा दाखला आणायला तालुक्याला जायचंच होतं. जायचं ठरलेलं नसताना दाखला कशाला, असं मनात आलं, पण गेले. निघताना आण्णा म्हणाले, "पाच वाजता विलासच्या दुकानातनं चांद्याला फोन लाव. बापू पडवीत साक्षीला बसंल. लागला तर उद्याची गाडी. न्हाई लागला तर इषय मिटला."

दाखला मिळाला. वजन, उंची, डोळे, सगळं उत्तम. पाच वाजता मी विलासच्या दुकानात काऊंटरला टेकून उभी. त्यानं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"पुन्हा लाव," विलास म्हणाला.

ती बाई पुन्हा तेच म्हणाली. सव्वापाच झाले. गिऱ्हाईक आलं, गेलं. चार वेळा, पाच वेळा. त्या बाईचा इतका गोड आवाज आणि मला तिचा गळा दाबावासा वाटत होता. साडेपाचला मी फोन विलासला परत दिला आणि पिशवी उचलली. "राहू दे. येते मी."

"एकदा शेवटचं," म्हणत त्यानं स्वतः लावला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "वाजतोय! अगं, वाजतोय!"

"ह्यॅलो!" आण्णा पलीकडून गरजले. "वैजे! पडवीतनं बोलतोय!"

 आवाज असा स्वच्छ की शेजारी उभे आहेत. आणि मागे आमच्या कपिली गाईच्या गळ्यातली घंटा, ठणठण, ठणठण. ती घंटा ऐकली आणि मी दुकानात, लोकांसमोर, भोकाड पसरलं.

"रडतीस कशाला? लागला न्हवं!"

"धापा का टाकताय आण्णा?"

"गाय बांधून आलो. लई वढ काढती. ठेव आता. पैसे पडत्यात."

विलासनं दोन चहा मागवले, गोंदियाला न्यायला मला एक साधा फोन दिला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बापूकाका पडवीत चहा पीत होते. आण्णा खांबाला टेकून बसलेले आणि आई त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती.

"काय झालं?"

"गाईनं ढकाललं," आई मान वर न करता म्हणाली.

"पण फोन लागला कसा? काल तर..."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग आण्णा म्हणाले, "तुझ्या आईची युक्ती. ते तांब्याचं घंगाळ हाय न्हवं, आंघोळीचं? त्यात ठेवला फोन. तांबं रेंज वढून घेतंय."

"व्हय," आई म्हणाली. "माझ्या माह्येरी सगळी असंच करत्यात."

"माझ्या म्होरं झालं," बापूकाका म्हणाले. "दोन काड्या हुत्या. धडधडीत."

"आणि बॅटरी? कालच्यासारखी दुपारी बसली नाही?"

"घंगाळात ठेवला की शोधत फिरत न्हाई," आण्णा म्हणाले. "गप पडून ऱ्हातो. दम टिकतो."

मी आयटीआय पास बाई. विजेचं शिकलेली. आज कुणा शिकाऊ पोरानं मला सांगितलं की तांब्याच्या भांड्यात ठेवला की फोनला रेंज येते, तर मी त्याला पुन्हा पहिलीत बसवीन. पण त्या संध्याकाळी मला ते लख्ख पटलं. मला गोंदियाला जायचं होतं, एवढंच त्याचं कारण. मी घंगाळाला हळदकुंकू वाहायचीच बाकी होते.

शनिवारी कराड स्टेशनवर आण्णा आले. माझ्या पिशवीचे बंद ओढून बघितले, एक सैल होता तो आवळून बांधला. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. गाडी हलताना म्हणाले, "फोन म्या करीन. रोज सहाला. तू करू नगो."

"मी का नको?"

"गाय बिथरती घंटी वाजली की."

"चांद्याच घेणार ना?"

"घेतो बगून," आण्णा म्हणाले, आणि गाडीनं वेग घेतला.

गोंदियातले पहिले दिवस माझे मीच जाणे. सेक्शनमधे मी एकटी बाई. पहिल्या खांबावर चढले तेव्हा खाली माणसं जमली होती, जशी काही मी दोरीवर चालणार आहे. पण वरून उतरले ती काम करूनच. आणि संध्याकाळी सहाला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, आण्णांचा फोन.

"पडवीत बसलोय. जेवलीस का?"

"आण्णा, सहाला कोण जेवतं?"

"मग काय खाल्लंस?"

आणि मागे घंटा. मी खोलीच्या पायरीवर बसून डोळे मिटायचे. पडवी दिसायची, तिसरा खांब दिसायचा, गोठ्यातली कपिली दिसायची. घर काही लांब नाही असं वाटायचं. एकदोनदा मी भर दुपारी फोन लावला, तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "घंगाळ आईनं न्हायाला घेतलं हुतं." एकदा बोलताना घंटा वाजेचना. मी म्हणाले, "आज कपिली कुठाय?" तर आण्णा एकदम गडबडले. "हाय की. हितंच हाय." मागून आईचा आवाज आला, "थांबा थांबा, अडाकली," आणि लगेच घंटा सुरू झाली. गाय कशात तरी अडकली असेल, असं मला वाटलं.

शिमग्याला पाच महिने पुरे झाले आणि मला पहिली रजा मिळाली. घरी कळवलं नाही. म्हटलं, जाऊन उभीच राहते अंगणात. एसटीनं सुतारदरा फाट्यावर सोडलं तेव्हा सहाला पाच कमी होते. उन्हं कलली होती, पण चांगलं दिसत होतं. मी पिशवी खांद्यावर टाकली आणि माळाखालच्या पायवाटेला लागले.

फोनच्या दगडाच्या बरोबर खाली करवंदीची जाळी आहे, तिथं आले, फोनला काडी आली आणि तो वाजला. आण्णा.

मी हसू दाबलं. "बोला आण्णा."

"ड्युटी सुटली का?"

"सुटली. आत्ताच खोलीवर आले." मलाही मजा वाटत होती. "तुम्ही कुठाय?"

"कुठं म्हंजे? पडवीत."

ठण. ठणठण. फोनमधे घंटा वाजली. आणि फोनबाहेरही वाजली. डोक्यावर, माळाच्या अंगाला.

मी मान वर केली.

फोनच्या दगडावर आण्णा बसले होते. अधू पाय लांब केलेला, शेजारी काठी, कानाला फोन. त्यांच्यामागे आई उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला होता आणि कपिलीच्या गळ्यातली घंटा, चामड्याच्या पट्ट्यासकट, हातात धरून ती हलवत होती. आरतीला उभं राहावं इतकी मन लावून हलवत होती. थोड्या अंतरावर बापूकाका हातावर तंबाखू मळत बसलेले.

मी जाळीआड खाली बसले. 

"वैजे? हैस का?"

"आहे. रेंज कशी आहे आण्णा?"

"खणखणीत. घंगाळ काम करतंय झकास."

"आणि गाय?"

"गाय हाय की. वाजीव— आगं, म्हंजे वाजतीय बग कशी." वरून घंटा जोरात वाजली.

"आईला द्या."

दगडावर अदलाबदल झाली. फोन आईकडे गेला, घंटा आण्णांकडे आली. आण्णांना ती काही जमेना. ते अशी हाणत होते जणू गाय चौखूर उधळली आहे.

"आई, कपिली एवढी का उधळलीय?"

"माजलीया," आई आण्णांकडे डोळे वटारून म्हणाली. "म्हातारपणी माज आलाय तिला."

"आण्णांचा गुडघा कसा आहे?"

आईनं आण्णांच्या लांब केलेल्या पायाकडे बघितलं. "त्यास्नी काय धाड भरलीय? दिसभर पडवीत बसून असत्यात."

मी फोन बंद केला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. खोटं नाही सांगत, इतकी मी आयुष्यात रडले नाही. थोड्या वेळानं ती तिघं उतरायला लागली. बापूकाका पुढे, त्यांच्या खांद्यावर आण्णांचा हात. मधे एक उंच पायरी आहे, तिथं आण्णा लहान मुलासारखे बसले आणि बसल्या बसल्या खाली सरकले. आई मागून घंटा वाजू नये म्हणून तिचा लोलक मुठीत धरून चालली होती. पाच महिने. रोज. भरबाजारात ज्यानं बैलाचं एक वर्ष चोरलं नाही, तो माणूस माझ्यासाठी रोज संध्याकाळी सहाला खोटं बोलायला डोंगर चढत होता.

ती घरी पोचून चूल पेटेपर्यंत मी जाळीआडच बसून राहिले. मग गेले. कपिलीच्या गळ्यात घंटा परत आली होती. आईनं बघितलं आणि हातातली पळी टाकून धावली. आण्णा काठी शोधत उठले. "आगं, आत्ता तर बोललीस! खोलीवर हुतीस न्हवं?"

"तुम्हाला चकित करायचं होतं," मी म्हणाले. बापूकाका होते तिथंच पडवीत. त्यांनी माझ्या पायांतल्या चपलांकडे बघितलं, त्यांना करवंदीचा पाला चिकटला होता, आणि ते खाकरले.

मी आण्णांशेजारी बसले. जोत्यावर फोन पडला होता. काळाकुट्ट, जाडजूड, पाठीवर चांदबिंद काही नाही.

"हे काय? काळ्या घेतलात?"

"त्याला दम हाय," आण्णा म्हणाले. "चार दिस लाईट गेली तरी बसत न्हाई. आन् रेंजचं काय... वाट आपून दावायची आसती. बैलाला दम लागतो."

मी माझा फोन काढला. पडवीत, तिसऱ्या खांबाशेजारी, काडीचा पत्ता नव्हता. मी मान वर केली तर आण्णा माझ्याकडेच बघत होते. आईही बघत होती. बापूकाकांचा तंबाखू मळायचा हात थांबला होता. एका अटीवर मला पाठवलं होतं आणि ती अट त्या क्षणी माझ्या तळहातावर मेलेली पडली होती. मी आता काय म्हणते त्यावर आण्णांची चाळीस वर्षांची पत होती, आणि माझी नोकरीही.

"अरे वा," मी म्हणाले, "दोन काड्या आहेत की इथं. धडधडीत."

आण्णा बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जनावराच्या डोळ्यांत बघून त्याची खोड ओळखणारा माणूस तो.

"खोटं बोलतीस," ते हळूच म्हणाले.

"तुमच्यावर गेलेय," मी म्हणाले.

बापूकाकांना जो ठसका लागला तो थांबेचना. आईनं पळी उचलली आणि कपाळावर हात मारला. "बरं झालं बया! घंटा हालवून हालवून माझा हात मोडून आला हुता. आन् ह्यास्नी वाटायचं, पोरीला कळत न्हाई."

"नव्हतंच कळत," मी म्हणाले.

आण्णांनी काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढली, पुसली, परत ओढली. मला वाटलं, आता म्हणतील, अट मोडली, कागूद चुलीत. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

"रजा कवा संपती?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी हजर व्हायचंय."

"मग शनवारची गाडी," आण्णा म्हणाले, आणि आईला म्हणाले, "वाढ तिला. उपाशी आली आसंल."

सोमवारी मी गोंदियात हजर झाले. दिवसभर लाईनीवर काम होतं. संध्याकाळी सहाला फोन वाजला. मी पायरीवर बसले, डोळे मिटले आणि कान दिला. नुसता वारा येत होता. घंटा नव्हती.

"आण्णा, कुठाय?"

"दगडावर," आण्णा म्हणाले. "माकडागत. जेवलीस का?"